गिरगावातल्या जुन्या दुकानांचं भाडं इतकं कमी कसं? आणि इमारत पाडली की त्या दुकानांचं काय होतं?

चिराबाजारातून ठाकूरद्वार नाका ओलांडून प्रार्थना समाजाकडे निघालं की जगन्नाथ शंकरशेट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजूनही अशी दुकानं दिसतात, जी मुंबईच्या इतर भागांतून जवळपास नाहीशी झाली आहेत. पूजासाहित्याचं दुकान, पंचे आणि सोवळी विकणारा, घड्याळं दुरुस्त करणारा, पिठाची गिरणी, लग्नपत्रिका छापणारा, पीयूष आणि साबुदाणा वडा देणारं उपाहारगृह. यातल्या कित्येक गाळ्यांत आज तिसरी पिढी गल्ल्यावर बसलेली असते.

गिरगावचं चर्नी रोड हे चर्चगेटपासूनचं दुसरंच स्टेशन. चौपाटी पायी पाच-दहा मिनिटांवर. जागेचे भाव देशातल्या सर्वांत महागड्या भावांपैकी. मग अशा ठिकाणी घड्याळाचा पट्टा बदलून आणि दोन किलो गहू दळून दुकान चालवणं परवडतं कसं?

या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराच्या कपाटातल्या एका कागदात आहे. तो कागद म्हणजे भाडेपावती. तिच्यावरची रक्कम अनेकदा काही शे रुपयांची असते. ही रक्कम इतकी कमी का, ती कोणी ठरवली आणि इमारत पाडून नवी बांधली की तिचं काय होतं, हे समजलं की गिरगाव का बदलतंय तेही समजतं.

लहान खोल्या आणि जवळची दुकानं

गिरगाव म्हणजे वाड्यांचा भाग. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, गायवाडी, मुगभाट, खोताची वाडी. काही नावं अजूनही जुन्या झाडाबागांची आठवण देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत इथे चाळी उभ्या राहिल्या. कारकून, शिक्षक, छापखान्यात काम करणारे, कोकणातून आणि देशावरून आलेले नोकरदार त्यांत राहू लागले. 1893 साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो याच वस्तीत.

चाळीतलं घर म्हणजे एक किंवा दोन खोल्या, बाहेर लांब गॅलरी आणि टोकाला सामाईक संडास. अशा घरात महिन्याभराचं सामान साठवायला जागाच नसते. त्यामुळे किराणा थोडा थोडा आणायचा, भाजी रोजची रोज घ्यायची, दळण आठवड्याचं टाकायचं, इस्त्रीचे कपडे खाली द्यायचे. पाहुणे आले तर खालून बटाटेवडे आणायचे. एकट्यानं राहणारा चाकरमानी खाणावळीत जेवायचा. घर लहान असल्यामुळे घरातली अर्धी कामं रस्त्यावरच्या दुकानांकडे गेली.

इमारतींची रचनाही तशीच होती. रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर गाळे, वर आणि मागे खोल्या. दुकानदाराला रोजचं, ठरलेलं, ओळखीचं गिऱ्हाईक मिळालं आणि उधारीची वही त्या ओळखीवर चालली. वर राहणारे आणि खाली विकणारे दोघेही एकाच घरमालकाचे भाडेकरू होते. म्हणून पुढे जो कायदा आला, तो दोघांनाही लागू झाला.

1940 चं भाडं गोठलं कसं?

भाडं नियंत्रणाची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. युद्धकाळात मुंबईत गर्दी वाढली, बांधकाम मंदावलं, भाडी भडकली आणि 1918 साली पहिला भाडेनियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. त्यात फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. या पार्श्वभूमीवर 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला.

या कायद्यानं दोन गोष्टी केल्या. एक, 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं ते 'प्रमाणित भाडं' धरलं. काही ठरावीक कारणं सोडली तर घरमालकाला त्याहून जास्त मागता येईना. दोन, भाडेकरू भाडं भरत असेल आणि अटी पाळत असेल तर त्याला बाहेर काढता येईना. घरांना जे संरक्षण मिळालं तेच दुकानांना, गोदामांना आणि छापखान्यांनाही मिळालं.

कायदा काही वर्षांपुरता म्हणून आला होता, पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. महागाई वाढत राहिली, भाडं मात्र जवळपास तिथेच राहिलं. 1997 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की इतक्या वर्षांनंतर भाडं गोठवून ठेवणाऱ्या या तरतुदी अवाजवी झाल्या आहेत. कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपणार होती, म्हणून न्यायालयानं त्या तरतुदी लगेच रद्द केल्या नाहीत.

पागडी म्हणजे नेमकं काय?

भाडं बाजारभावापेक्षा फारच कमी असेल तर त्या जागेचा ताबा हीच एक किमती गोष्ट होते. समजा, एका गाळ्याचं भाडं महिन्याला 50 रुपये आहे आणि बाजारभावानं ते 5,000 असायला हवं. मग तो गाळा भाडेकरू म्हणून मिळवण्यासाठी कोणीही मोठी रक्कम एकदम मोजायला तयार होईल. ही एकरकमी रक्कम म्हणजे पागडी.

व्यवहार तिघांत होतो. जुना दुकानदार जागा सोडतो, नवा दुकानदार पागडी देतो आणि घरमालक पावती नव्या माणसाच्या नावावर करतो. पावती नावावर करून देण्याबद्दल घरमालक त्या रकमेतला वाटा घेतो. साधारण एक तृतीयांश घेण्याची प्रथा आहे, कुठे कमी तर कुठे जास्त. त्यानंतर नवा माणूस तेच जुनं भाडं भरू लागतो.

म्हणजे पागडीवाला दुकानदार कागदोपत्री भाडेकरू असतो, पण त्यानं किंवा त्याच्या आजोबांनी जागेसाठी मोठी रक्कम मोजलेली असते. बाहेरच्याला वाटतं की तो फुकटात बसला आहे. त्याला स्वतःला वाटतं की जागा आपणच विकत घेतली आहे. कायद्याच्या नजरेत तो या दोन्हींच्या मधे असतो. गिरगावातली निम्मी भांडणं या मधल्या जागेतूनच येतात.

गंमत म्हणजे 1947 च्या कायद्यानुसार घरमालकानं अशी पागडी घेणं हा गुन्हा होता. तरीही व्यवहार सर्रास चालत, फक्त ते रोखीत होत आणि कागदावर दिसत नसत.

1999 च्या कायद्यानं काय बदललं?

महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. सर्वसामान्य दुकानदाराच्या दृष्टीनं त्यातले तीन बदल महत्त्वाचे.

पहिला, पागडी कायदेशीर झाली. घरमालकाला आणि जागा सोडणाऱ्या भाडेकरूला अशी रक्कम घेण्याची मुभा मिळाली.

दुसरा, घरमालकाला दर वर्षी 4 टक्के भाडं वाढवण्याचा हक्क मिळाला. पण मूळ रक्कमच लहान असल्यानं त्यानं फार फरक पडत नाही. 2000 साली 100 रुपये असलेलं भाडं दर वर्षी 4 टक्के चक्रवाढीनं वाढवलं तरी 25 वर्षांनी ते सुमारे 267 रुपयेच होतं.

तिसरा, बँका, सरकारी महामंडळं, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि 1 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांचं संरक्षण काढून घेतलं गेलं. ते राहिलं ते सामान्य भाडेकरूंना. म्हणून एकाच इमारतीत वाण्याचं भाडं काही शे रुपये आणि शेजारच्या बँकेचं भाडं बाजारभावानं, असं चित्र दिसतं.

नव्यानं जागा भाड्यानं देताना मालक मंडळी या सगळ्यापासून लांब राहतात. ते लिव्ह अँड लायसन्सचा ठरावीक मुदतीचा करार करतात. त्यामुळे रस्त्यावर नवी आलेली मोबाइलची, केकची, चष्म्याची दुकानं बहुधा अशा करारावर असतात. मुदत संपली की भाडं वाढतं किंवा दुकान बदलतं.

दुकान मुलाकडे जातं ते कसं?

जुनी दुकानं पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहण्यामागे परंपरेचं प्रेम आहेच, पण कायदाही आहे. दुकानाचा भाडेकरू वारला तर भाडेहक्क त्याच्यासोबत तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. असं कोणी नसेल तर वारसांपैकी एकाकडे जातो. वारसांत एकमत नसेल तर ते न्यायालय ठरवतं. म्हणूनच वडिलांबरोबर गल्ल्यावर कोणता मुलगा बसतो, याला नुसत्या घरगुती सोयीपेक्षा जास्त अर्थ असतो.

आणखी दोन नियम दुकानाचं रूप ठरवतात. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर घरमालक ती परत मागू शकतो. त्यामुळे धंदा मंद असला तरी शटर वर करावंच लागतं. आणि घरमालकाच्या संमतीशिवाय जागा पोटभाड्यानं देता येत नाही.

हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवायला हवा. पागडीच्या दुकानदारापुढे दोनच वाटा असतात: स्वतः धंदा चालवायचा किंवा घरमालकाला वाटा देऊन जागा सोडायची. घरी बसून भाडं खायची तिसरी वाट कायद्यानं बंद ठेवली आहे. कमी भाडं आणि ही बंद वाट, या दोन्हींमुळे पंचे विकणारा पंचेच विकत राहिला.

घरमालकाची बाजू

चित्राची दुसरी बाजूही खरी आहे. चार मजली इमारतीतून महिन्याला काही हजार रुपयेच भाडं येत असेल तर मालक गच्चीची गळती तरी कशातून थांबवणार? सगळेच मालक काही धनाढ्य नसतात. काही इमारती ट्रस्टच्या आहेत, तर काही भावंडांत वाटल्या गेलेल्या आहेत. दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरू हलत नाहीत आणि मालकी मात्र कागदावर राहते, ही त्यांची तक्रार जुनी आहे.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा 1969 साली सरकारनं वेगळा कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन केलं. जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवला आणि त्या 'उपकरप्राप्त इमारती' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तेव्हा शहर भागात अशा 19,642 इमारती होत्या. त्यातल्या 16 हजारांहून जास्त 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या होत्या. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, लालबाग, परळ, दादर या भागांचं जुनं रूप म्हणजे मुख्यतः याच इमारती. हे दुरुस्ती मंडळ आता म्हाडाचा भाग आहे.

अशा इमारती रहिवाशांच्या मागणीवरून सरकारनं ताब्यात घ्याव्यात का, हा वाद 1992 साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातूनच 5 नोव्हेंबर 2024 चा नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असं बहुमतानं ठरलं. देशभर गाजलेल्या या निकालाच्या मुळाशी गिरगावात दिसतात तशाच मुंबईतल्या भाड्याच्या इमारती होत्या.

इमारत पाडली की दुकानदाराला काय मिळतं?

उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास मुख्यतः विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) या नियमाखाली होतो. अनेक इमारती एकत्र केल्या तर 33(9) हा समूह पुनर्विकासाचा नियम लागतो. विकासकाला जादा चटईक्षेत्र मिळतं. त्यातून तो जुन्या रहिवाशांना मोफत जागा देतो आणि उरलेलं बाजारात विकतो. 33(7) साठी किमान 51 टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते.

इथे घर आणि दुकान यांच्यात मोठा फरक पडतो. घर कितीही लहान असलं तरी किमान 300 चौरस फूट चटई जागा मिळते. म्हणजे 120 फुटांच्या खोलीत राहणाऱ्याची जागा दुपटीहून जास्त वाढते. दुकानाला मात्र जेवढी जागा होती तेवढीच मिळते. 80 फुटांचा गाळा असेल तर 80 फूट. शिवाय त्याची नोंद जुनी असावी लागते. पात्रतेसाठी 13 जून 1996 ची स्थिती धरली जाते.

तरीही दुकानदार तोट्यात जातो असं म्हणता येत नाही. काल तो भाडेकरू होता, उद्या तो मालकी हक्कानं गाळा बाळगतो. मोक्याच्या रस्त्यावरचा, स्वतःच्या नावचा गाळा ही त्याच्या कुटुंबाची कदाचित सर्वांत मोठी मालमत्ता ठरते.

पण आता ती बंद असलेली तिसरी वाट उघडते. गाळा भाड्यानं देता येतो. हिशेब सोपा असतो. पूजासाहित्य विकून महिन्याला जेवढे पैसे सुटतात, त्यापेक्षा जास्त भाडं एखादी औषधांची साखळी किंवा कपड्यांचा ब्रँड देत असेल, मुलगा नोकरीला असेल आणि वडील सत्तरीला आलेले असतील, तर शटर पुन्हा उघडण्याचं कारण उरत नाही. दुकानदाराचं कुटुंब सुस्थितीत जातं आणि दुकान संपतं. मॉलनं किंवा ऑनलाइन खरेदीनं दुकानं मारली असं म्हटलं जातं. ते काही अंशी खरं आहे. पण मालकी मिळाल्यामुळे बंद झालेली दुकानंही कमी नाहीत.

ज्यांना धंदा चालवायचाच आहे त्यांच्यापुढे अडचणी वेगळ्या. इमारत उभी राहायला काही वर्षं जातात. घरासाठी संक्रमण शिबिर किंवा भाडं मिळतं, पण गिऱ्हाईक शिबिरात नेता येत नाही. चार वर्षं बंद राहिलेल्या खाणावळीचा आचारी दुसरीकडे लागतो आणि उधारीच्या वहीतली माणसं दुसरा वाणी शोधतात. परत आल्यावर नव्या इमारतीचा देखभाल खर्च सुरू होतो. समजा, तो चौरस फुटाला महिना 20 रुपये ठरला, तर 150 फुटांच्या गाळ्याला 3,000 रुपये. जिथे कालपर्यंत 250 रुपये भाडं होतं, तिथे दळण आणि इस्त्रीच्या दरात ही वाढ बसवणं अवघड जातं.

वरची माणसंही बदलतात

दुकानाचा दुसरा आधार म्हणजे वर राहणारे लोक. जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 33.38 लाख होती, ती 2011 मध्ये 30.85 लाखांवर आली. गिरण्या बंद झाल्या, कुटुंबं वाढली, खोली पुरेना आणि पुढची पिढी डोंबिवली, बोरिवली, विरारकडे गेली.

पुनर्विकासानंतर टॉवरमध्ये राहायला येणाऱ्या नव्या कुटुंबाकडे मोठा फ्रीज असतो, कपडे धुवायचं यंत्र असतं आणि महिन्याचं सामान ठेवायला जागा असते. त्यांना रोज खाली उतरण्याची गरज पडत नाही. आकर्षण आहे ते उपाहारगृहांचं. मेट्रो 3 चा शेवटचा टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाला आणि गिरगावला भुयारी स्टेशन मिळालं. मिसळ, पीयूष आणि फराळासाठी लांबून येणाऱ्यांना ते सोयीचं झालं. पिठाच्या गिरणीला आणि घड्याळवाल्याला मात्र मेट्रोचा प्रवासी फारसा उपयोगाचा नसतो. त्यांना वरच्या मजल्यावरचंच गिऱ्हाईक लागतं.

करारावर सही करण्यापूर्वी दुकानदारानं काय पाहावं?

'तेवढंच क्षेत्रफळ' हे शब्द ऐकून समाधान मानू नये. दुकानाची किंमत क्षेत्रफळाबरोबरच दर्शनी भागावर ठरते. 10 फूट रुंद आणि 15 फूट खोल गाळा हा 150 फुटांचा. साडेसात फूट रुंद आणि 20 फूट खोल गाळाही 150 फुटांचाच. पण दुसऱ्यात रस्त्यावरून दिसणारा भाग पाव भागानं कमी होतो. गाळा रस्त्याला लागून आहे की आतल्या बाजूला, रस्त्याच्या पातळीवर आहे की पायऱ्या चढून, हे मंजूर नकाशावर पाहून करारात लिहून घ्यायला हवं.

पोटमाळा हा दुसरा मुद्दा. अनेक जुन्या गाळ्यांत अर्धा धंदा पोटमाळ्यावर साठवलेला असतो. त्याची अधिकृत नोंद नसेल तर त्याचं क्षेत्र मिळणं कठीण जातं.

तिसरा मुद्दा कागदांचा. भाडेपावत्या, गुमास्ता परवाना, वीजबिलं आणि वारसाची कागदपत्रं एकाच नावाची साखळी दाखवणारी हवीत. पावती आजोबांच्या नावावर, गुमास्ता काकांच्या आणि वीजबिल वडिलांच्या नावावर असेल तर पात्रतेच्या वेळी भावाभावांत वाद उभा राहतो. तो आधीच मिटवलेला बरा.

चौथा, बांधकामाच्या काळातलं भाडं. दुकानासाठी ते घरापेक्षा वेगळं ठरवावं लागतं, कारण इथे जागेच्या भाड्याबरोबर बुडणारा धंदाही असतो. पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत आहे ना, ताबा लांबला तर काय, आणि सुरुवातीची काही वर्षं देखभाल खर्च कोण देणार, हेही त्यातच यावं.

हे जपता येईल का?

भाडं पुन्हा गोठवून हे साधणार नाही. त्या पद्धतीत इमारतींची डागडुजी होईना आणि त्या लोकांच्या अंगावर पडू लागल्या. गळक्या छताखाली आणि सामाईक संडासाच्या रांगेत कोणी राहावं, असं गिरगावाबाहेरच्यांनी सांगणंही बरोबर नाही.

पण पुनर्विकासाचे नियम आज घर मोजतात, गाळा मोजतात. त्या गाळ्यात काय चालतं, याची दखल ते घेत नाहीत. पिठाची गिरणी, खाणावळ, दुरुस्तीची दुकानं अशा वस्तीला रोज लागणाऱ्या धंद्यांना बांधकामाच्या काळात त्याच वाडीत किंवा पलीकडच्या गल्लीत तात्पुरता गाळा मिळाला, तर त्यांचं गिऱ्हाईक टिकू शकतं. लहान गाळ्यांचा देखभाल खर्च टॉवरमधल्या लिफ्ट, जिम आणि बागेच्या खर्चापासून वेगळा काढणं हेही सोसायटीच्या पातळीवर ठरवता येण्याजोगं आहे. समूह पुनर्विकासात अनेक इमारती टप्प्याटप्प्यानं पाडल्या जातात, तिथे हे जास्त सहज जमू शकतं. त्यासाठी दुकानदारांनी ही मागणी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मांडायला हवी. 51 टक्क्यांचा आकडा एकदा पूर्ण झाला की तळमजल्यावरच्या पाच-सहा दुकानदारांकडे वाटाघाटीसाठी फारसं काही उरत नाही.